नागपूरचे माहेर

भगिनींनो, आपल्या मंडळाची सहल दरवर्षी कुठे ना कुठे निघते आणि स्मरणिकेत तिचे वर्णन येते. किती वाजता निघालो, वाटेत काय खाल्ले, भजने कोणी म्हटली, हे सारे त्यात असते आणि वाचायला गोडही वाटते. यंदा ते काम माझ्याकडे आले. पण गेल्या काही वर्षांत देवगड, पातालकोट आणि पचमढीची नागद्वारी ही तिन्ही ठिकाणे पाहून झाल्यावर जे मनात घोळते आहे ते सहलीच्या वर्णनात मावणार नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनालयातून पुस्तके आणून दुपारी वाचत बसायची सवय लहानपणापासूनची आहे. त्यातून जे हाती लागले ते जमेल तसे मांडते. सांगायचे आहे ते एवढेच, की सातपुड्याच्या ज्या डोंगरांना आपण देवदर्शनापुरते ओळखतो ते आपल्या नागपूरचे माहेर आहे. लेक कितीही मोठ्या घरी पडली तरी माहेर विसरत नाही. आपले शहर मात्र विसरले.

देवगड म्हटले की पुष्कळांना कोकणातला हापूस आठवतो. आपले देवगड ते नव्हे. सावनेर ओलांडून सौंसरच्या बाजूने आपण छिंदवाड्याकडे निघालो की संत्र्यांचे बगीचे लागतात. सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत घराघरांत मराठी ऐकू येते, राज्याची हद्द कधी ओलांडली हे कळतही नाही. पूर्वी इकडे छोटी लाईन जात असे. शंभर वर्षे धावून २०१५ साली ती बंद पडली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. पुढे सिल्लेवानीचा घाट चढला की हवा बदलते, आणि छिंदवाड्याच्या दक्षिणेस मोहखेडच्या बाजूला, दाट जंगलात, देवगडचा किल्ला उभा दिसतो. गोंड राजांची ही राजधानी. आज किल्ल्यात नगारखान्याची कमान उभी आहे, मोती टाके म्हणून दगडी तलाव आहे, राजवाड्याच्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. येथून नागपूरपर्यंत भुयार आहे असे तिथले लोक सांगतात. सव्वाशे किलोमीटर भुयार कोण खणणार! पण ही गोष्ट मला आवडली. डोंगर आणि शहर एका नाळेने जोडलेले आहे, हे लोकांनी आपल्या परीने सांगून ठेवले आहे.

ह्या घराण्याचा मूळपुरुष जाटबा. तो कुमारिकेच्या पोटी जन्मला, आई शेतात कामाला गेली असता बाळावर नागाने फणा धरला, अशी कथा आहे. देवगडावर त्या वेळी रणसूर आणि घनसूर हे गवळी राजे होते. जाटबा त्यांच्या चाकरीत लागला. त्याचे बळ पाहून राजांच्या मनात धास्ती बसली आणि त्यांनी त्याला सणाच्या दिवशी लाकडी तलवारीने रेडा मारून दाखवायला सांगितले. देवी स्वप्नात आली, तिने धीर दिला. जाटबाने त्या तलवारीने रेडा तर मारलाच, आणि त्याच झपाट्यात राजांनाही मारून गादी घेतली. ही झाली कथा. पण जाटबा कथेतलाच नाही. अकबराच्या काळच्या आइन-ए-अकबरीत त्याचे नाव आहे, आणि त्याच्याजवळ दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे लिहिले आहे. रानातली चार झोपडी म्हणजे गोंडांचे राज्य, अशी आपली समजूत असेल तर ती ह्या आकड्यांनी दूर व्हावी.

मला किल्ल्यापेक्षा खालचे गाव पाहण्यासारखे वाटले. आठशे विहिरी आणि नऊशे बारवा, असे देवगडचे वर्णन लोकांच्या तोंडी आहे. इतक्या असतील-नसतील, पण दगडी पायऱ्यांच्या कितीतरी बारवा रानात बुजून पडल्या होत्या आणि गेल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा उपसून नीट केल्या आहेत. एका बारवेत उतरून पाणी हातात घेतले तर डिसेंबरातही ते कोमट लागले. पायऱ्यांच्या कडा बायकांच्या पावलांनी झिजलेल्या आहेत. राजाने बांधल्या म्हणतात, पण डोक्यावर हंडा घेऊन त्या रोज चढल्या कोणी, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

ह्याच देवगडच्या गादीवर पुढे बख्त बुलंद आला. भाऊबंदकीत मदत मागायला तो औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला, तिकडेच त्याला हे नाव मिळाले. परत येऊन त्याने राज्य वाढवले आणि नाग नदीच्या काठी राजापूर बारसा नावाने ओळखली जाणारी जी बारा खेडी होती ती जोडून १७०२ साली नागपूर वसवले. शेतकरी, विणकर, कारागीर, व्यापारी, जो कोणी कामाचा असेल त्याला जात-धर्म न विचारता त्याने बोलावून जमीन दिली. आपल्यापैकी कितीजणींचे पूर्वज त्या बोलावण्यावर आले असतील कोण जाणे. त्याचा मुलगा चांद सुलतान ह्याने राजधानीच डोंगरावरून खाली नागपुरास आणली. शहराला कोट बांधला आणि जुम्मा तलाव खोदवला. तोच आपला शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर. म्हणजे नागपूर गोंडांचे, भोसल्यांचे नंतर.

भोसले कसे आले त्यात एका बाईची कथा आहे. चांद सुलतान १७३९ साली वारला तेव्हा वलीशहा नावाच्या भाऊबंदाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर हिच्या पदरात दोन मुले, अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा. तिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. रघूजींनी वलीशहाचा पाडाव करून मुलांना गादीवर बसवले. राणीने त्यांना आपला तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असे सांगतात. पुढे दोघे सख्खे भाऊ भांडले, रघूजींना पुन्हा बोलावणे गेले, आणि १७४३ च्या सुमारास सारा कारभारच भोसल्यांच्या हाती आला. बुऱ्हाणशहा नावाचा राजा राहिला, महालातल्या किल्ल्यात, पेन्शनीवर. रतनकुंवरला इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळी मिळतात आणि त्यातही सूर असा, की हिनेच परक्याला घरात घेतले. मला तिचा राग येत नाही. घरातल्याने घर गिळायला काढले तेव्हा तिने बाहेरच्याला भाऊ म्हणून हाक मारली. पुढे मुलगेच भांडले त्याला ती काय करणार?

आता देवगड सोडून आणखी उत्तरेकडे चलावे. छिंदवाडा, परासिया, तामिया करीत रस्ता पचमढीला जातो. हेच महादेवाचे डोंगर. धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर इथेच. महाशिवरात्रीला लोक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात. काही त्रिशूळ तर मणा-मणाचे असतात. आणि नागपंचमीच्या आधी दहा-बारा दिवस नागद्वारी. ह्या यात्रेविषयी आपल्या वाचक भगिनींना मी काय सांगावे! आमच्या सासूबाई अकरा वर्षे नागद्वारीला गेल्या. भर पावसात, धुक्यात, दोराला धरून, चिखलात पाय रोवत. एरवी ती वाट वाघांच्या जंगलातून जाते म्हणून बंद असते, आणि ह्या दिवसांत मात्र अर्धे विदर्भ तिकडे लोटते. नागपूर-अमरावतीची मंडळे डोंगरात भंडारे लावतात. पद्मशेषाच्या गुहेजवळ मराठीच ऐकू येते.

वाटेवर काजरी नावाचे ठिकाण लागते. काजरी नावाच्या बाईला मूल नव्हते. मूल झाले तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा तिने नवस केला. मूल झाले, ती काजळ घेऊन आली, आणि नागदेव आपल्या विराट रूपात समोर आले ते पाहून तिचा प्राणच गेला. ही कथा सांगताना यात्रेकरू श्रद्धेने मान हलवतात. मी ऐकली तेव्हा एवढेच मनात आले, की बाई नवस फेडायला आली होती, पळून गेली नव्हती.

पण ह्या देवस्थानांचे राखणदार कोण होते, हे आपण विचारत नाही. पचमढी, आलमोद, पगारा, गोरखघाट ह्या जहागिरींचे मालक कोरकू होते. त्यांना भोपा म्हणत, आणि महादेवाच्या ठाण्यांची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. कोरकू म्हणजे गोंडच, असे आपण धरून चालतो. तसे नाही. गोंडी भाषा तेलुगू-तमिळच्या नात्यातली, आणि कोरकूंची संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. मेळघाटात, चिखलदऱ्याला आपण जे लोक पाहतो ते हेच कोरकू. गोंडांचा बडादेव ऐनाच्या झाडात राहतो, तर कोरकू मेलेल्या माणसासाठी लाकडी खांब कोरतात. त्याला मुंडा म्हणतात, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार काढलेले असतात.

कोरकूंच्या उत्पत्तीची कथा रावबहादूर हिरालाल आणि रसेल यांनी १९१६ साली छापलेल्या ग्रंथात आहे. रावणाने पाहिले की विंध्य-सातपुडा ओसाड पडला आहे. त्याने महादेवाला विनवले की इथे माणसे वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला पाठवले. त्या मातीचे पुरुष आणि स्त्री असे दोन पुतळे केले. पण इंद्राने पाठवलेले दोन अग्नीसारखे घोडे आले आणि त्यांनी पुतळे तुडवून टाकले. पुन्हा केले, पुन्हा तुडवले. शेवटी महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्यात जीव घातला आणि त्याने घोड्यांना पिटाळले. मग जी माणसे झाली ती मूला आणि मूलाई, कोरकूंचे पहिले आईबाप. आपल्या पुराणात रावण वाईट आणि इंद्र देवांचा राजा. इथे रावणाने गाव वसवले आणि इंद्राने तुडवले. त्याच महादेवापुढे आपण दोघेही हात जोडतो, पण कथा किती निराळी!

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

१८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. भोसले हरले. आप्पासाहेब काही साधू नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचे चुलतभाऊ परसोजी महाराज बिछान्यात मेलेले सापडले होते, आणि तो खून आप्पासाहेबांच्याच इशाऱ्याने झाला असे बहुतेक इतिहासकार मानतात. १८१८ च्या मार्चमध्ये रेसिडेंट जेंकिन्सने त्यांना कैद करून अलाहाबादेकडे रवाना केले. इकडे गादीवर लहानग्या रघूजीला बसवले आणि वाड्यात बाकाबाईंचा अधिकार चालू झाला. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या पत्नी. कारभार अर्थातच जेंकिन्सचा.

वाटेत जबलपूरच्या बाजूला रायचूर म्हणून मुक्काम होता. १३ मेच्या रात्री आप्पासाहेबांनी पहाऱ्यातले काही शिपाई फितवले, शिपायाचा वेष चढवला, बिछान्यात उशी निजवून ठेवली आणि निसटले. ते गेले कुठे? मोठमोठ्या सरदारांकडे नाही. ते महादेवाच्या डोंगरात आले. हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशहा ह्याने त्यांना आश्रय दिला, कोरकू-गोंड त्यांच्या बाजूने उभे राहिले. इंग्रजांनी त्यांना धरून देणाऱ्यास रोख एक लाख रुपये आणि वर जहागीर जाहीर केली.

भगिनींनो, त्या काळचे लाख रुपये! ज्या लोकांच्या घरी कोदो-कुटकीची पेज आणि मोहाची फुले हेच वर्षाचे धान्य, त्यांच्या रानात हा माणूस पावसाळाभर आणि हिवाळाभर राहिला. कुठल्या पाड्यात निजतो, कुठल्या झऱ्यावर पाणी पितो, हे कितीतरी बायाबापड्यांना, गुराख्यांच्या पोरांनाही ठाऊक असणार. एकाने जरी खाली जाऊन सांगितले असते तरी सात पिढ्यांची ददात मिटली असती. कोणी त्यांना धरून दिले नाही. आणि हा त्यांचा राजा तरी कसला? ह्याच्याच पणजोबांनी गोंडांची गादी घेतली होती! चैनशहाचा ह्यात काही स्वार्थ असेल, इंग्रज नकोत असेही असेल. पण दळून-कांडून त्या पाहुण्यापुढे पेज ठेवणारीचा काय स्वार्थ होता? तिचे नाव कोणत्याच कागदावर नाही.

बैतूलच्या बाजूला जुलैमध्ये कॅप्टन स्पार्क्स आपल्या तुकडीसह मारला गेला. पावसात आणि हिवतापात गोऱ्या पलटणींना डोंगर चढवेनात. थंडीत मात्र चोहोकडून फौजा शिरल्या, तेव्हा फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब चितू पेंढाऱ्यासह असीरगडाकडे निघून गेले. चितूला वाटेत वाघाने खाल्ले. एप्रिलात असीरगड पडला, तोवर आप्पासाहेब तेथूनही निसटले होते. पुढे लाहोर, मग हिमालयातले मंडी, मग जोधपूर. तिथल्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही. १८४० साली जोधपुरातच त्यांचा अंत झाला. चैनशहा मात्र पकडला गेला आणि कैदेतच मेला. आप्पासाहेबांच्या पळण्याच्या कथा आपल्याकडे रंगवून सांगतात. चैनशहाचे नाव नागपुरातल्या एखाद्या गल्लीला तरी असावे, असे मला वाटते.

तामियाजवळ पातालकोट आहे. जमीन एकदम खचावी तशी हजार-बाराशे फूट खोल दरी, आणि तिच्या तळाशी बारा गावे. वस्ती भारिया लोकांची, काही गोंडांची. वरून पाहिले तर त्यांची घरे काड्याच्या पेट्यांएवढी दिसतात. दुपारीच उन्हे जातात. त्या दरीत राजाखोह नावाची मोठी कपार आहे. नागपूरचा राजा इंग्रजांपासून लपायला इथे आला होता म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. राजाचे नाव ते रघूजी सांगतात. आता रघूजी नावाच्या राजांना लपायची पाळी आली नव्हती. लपले ते आप्पासाहेब. तेव्हा ही आठवण असलीच तर त्यांचीच असावी. दोनशे वर्षांत नाव बदलले, पण आमच्याकडे तुमचा राजा आला होता, हे त्यांनी धरून ठेवले. आम्हांला वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या भारिया बाईने मी नागपूरची म्हटल्यावर हसून हेच सांगितले, जणू परवाचीच गोष्ट!

आणि आता गंमत ऐका. पचमढीचा शोध कोणी लावला, असे तिथल्या कोणत्याही वाटाड्याला विचारा. कॅप्टन फोर्सिथ साहेबाने, १८५७ साली, असे तो पाठ केलेले उत्तर देईल. फोर्सिथ प्रत्यक्षात १८६२ साली तिथे आला आणि त्याने बायसन लॉज बांधला. त्याच्या चाळीस वर्षे आधी इंग्रजी पलटणी आमच्या राजाच्या पाठलागावर त्याच डोंगरात आलेल्या होत्या. भोपांची जहागीर तर त्याहून कितीतरी जुनी. माणसे राहतात, देव पूजले जातात, जत्रा भरते, त्या जागेचा शोध कसा लागतो हे मला अजून समजलेले नाही. पुढे इंग्रज सरकार उन्हाळ्यात आपला कारभार नागपूरहून पचमढीला नेऊ लागले, आणि भोपांची पचमढी साहेबांची झाली.

१८५८ साली तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले तेव्हाही ह्याच डोंगरांनी साथ दिली. हर्राकोटचा जहागीरदार भभूतसिंग तात्या गेल्यावरही इंग्रजांशी झुंजत राहिला. शेवटी त्याला पकडून जबलपुरास फाशी दिले. २०२५ साली पचमढीच्या अभयारण्याला त्याचे नाव दिले गेले, हे चांगले झाले. परंतु त्याच जंगलात एक दुसरी गोष्टही घडली आहे. वाघ राखायचे म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आतली कितीतरी कोरकू-गोंडांची गावे उठवून बाहेर वसवली. वाघ राहिलेच पाहिजेत, त्याविषयी वाद नाही. नव्या जागी शाळा, दवाखाना, वीज जवळ आली, असेही त्यातल्या काहीजणी सांगतात. पण त्यांचे मुंडे तिथेच जंगलात राहिले, आणि पितरांना भेटायला आता परवानगी काढावी लागते. आपल्यासाठी ते जंगल वर्षातून दहा-बारा दिवस उघडते, ही आपल्या श्रद्धेची सोय झाली. जे मूळचे राखणदार, त्यांच्या सोयीचे काय, हे नागद्वारीच्या भंडाऱ्यात बसून कोणी बोलत नाही. मीही सासूबाईंच्या सोबतीने दोनदा गेले, तेव्हा हे बोलणे कानावर आले नाही.

पुढच्या सहलीसाठी कार्यकारिणीपुढे मी देवगड सुचवले आहे, म्हणून थोडी माहिती देऊन पुरे करते. दिवाळीनंतर जावे, पावसाळ्यात किल्ल्याची वाट निसरडी असते. गाडी केली तर सकाळी सहाला निघून जेवणाच्या वेळेपर्यंत किल्ल्याखाली पोहोचता येते. गावात आधी निरोप धाडला तर बायका चुलीवरचे जेवण करून देतात, मक्याची भाकरी आणि टोमॅटोची चटणी. त्यांना सांगतील ते पैसे द्यावे, घासाघीस करू नये. पातालकोटही त्यात जोडायचे असेल तर छिंदवाड्याला एक रात्र मुक्काम करावा लागेल. दरीत उतरायला-चढायला गुडघे शाबूत हवेत. तिथे मध, चारोळी आणि रानातली औषधे मिळतात. पोरांना वाटायला घरातले जुने कपडे मात्र कोणी बांधून आणू नयेत. आपण पाहुण्या म्हणून जाणार आहोत. वर्गणीची रक्कम ठरली की फलकावर लावू.